मास्तरांचा ब्रेक, बारक्याची दोरी

ट्रेनर लावायचा नाही, हे मास्तरांनी जनावरांच्या डॉक्टरांच्या टेबलापाशी उभ्या उभ्या ठरवलं. ठरवायला तीन सेकंद लागले. निस्तरायला पाच आठवडे.

"हे अजून पिल्लू आहे," डॉक्टर म्हणाले होते. पिल्लू तेव्हा सात महिन्यांचं होतं आणि वजनकाट्यावर मावत नव्हतं. पुढचे दोन पाय काट्यावर आणि मागचे दोन डॉक्टरांच्या बुटांवर, अशी वाटणी करून ते उभं होतं. "आत्ताच दोरीवर नीट चालायला शिकवा. नाहीतर पुढे तुम्ही याला नाही, हा तुम्हाला फिरवेल. माझ्या ओळखीचा एक चांगला ट्रेनर आहे. नंबर देऊ?"

"कशाला?" मास्तर म्हणाले. "मग मी कोण आहे?"

डॉक्टरांनी हातातल्या कार्डावर नजर टाकली. कार्डावर फक्त कुत्र्याची माहिती होती.

मास्तर ड्रायव्हिंग स्कूल चालवत. बावीस वर्षं ते शिकाऊ माणसांच्या शेजारच्या सीटवर बसत आले होते. त्या सीटपुढे ब्रेकचं एक जादा पेडल असतं. शिकणाऱ्यानं काहीही गोंधळ घातला, तरी शेवटचा शब्द मास्तरांच्या उजव्या पायाचा. घाबरट, आगाऊ, डावं-उजवं न कळणारे, अशा हजारो लोकांना आपण रस्त्यावर आणलं, असं ते अभिमानानं सांगत. (ऐकणारे हसत. का हसतात, ते मास्तरांना कधीच कळलं नाही.)

बावीस वर्षांत त्या उजव्या पायाला मात्र सवय जडली होती. धोका दिसला की दाबायचं. सिनेमात गाडी दरीकडे निघाली की पुढच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला लाथ बसे. जेवताना बायकोनं आमटीचं भांडं जरा तिरकं धरलं, तरी टेबलाखाली धाडकन आवाज होई. घरातल्या फरश्यांपैकी एकच फरशी फुटलेली होती, आणि ती बरोबर मास्तरांच्या खुर्चीपुढची होती.

बारक्याला घरी आणलं ते बायकोनं. सहा भावंडांत हे सगळ्यात किरकोळ, म्हणून कोणी नेत नव्हतं. ती त्याला बुटांच्या खोक्यात घालून घेऊन आली आणि त्याचं नाव बारक्या पडलं. महिन्याभरात खोकं गेलं, दुसऱ्या महिन्यात त्यातले बूट गेले, आणि सातव्या महिन्यात बारक्या जिन्यात आडवा झोपला की माणसांना वरच्या मजल्यावरच थांबावं लागू लागलं. नाव तेच राहिलं.

तर मास्तरांनी शिकवणी सुरू केली. पद्धत ठरलेली. पहिले तीन दिवस थिअरी. त्यांनी बारक्याला समोर बसवलं, दोरी म्हणजे काय, गळपट्टा म्हणजे काय, दोन्हींचा संबंध काय, हे समजावून सांगितलं आणि भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता लावला. पहिल्या दिवशी बारक्यानं लक्ष देऊन ऐकलं. दुसऱ्या दिवशी तो झोपला. तिसऱ्या दिवशी त्यानं तक्ता खाल्ला.

"सगळा?" बायकोनं विचारलं.

"'हळू चला' तेवढं राहिलंय," मास्तर म्हणाले.

चौथ्या दिवशी प्रॅक्टिकल. जिन्याला सतरा पायऱ्या होत्या. बारक्या त्या चार उड्यांत उतरला. मागून येणाऱ्या मास्तरांच्या वाट्याला तीनच आल्या. खाली दारापुढे मालकीणबाई, म्हणजे तळमजल्यावर राहणाऱ्या घरमालकीण, घडीच्या स्टँडवर उशांचे अभ्रे वाळत घालत होत्या. मास्तरांनी धोका पाहिला. उजवा पाय सणकून दाबला. पण रस्त्याला पेडल नसतं. दोरी स्टँडमध्ये अडकली आणि बारक्या, मास्तर, स्टँड आणि सहा अभ्रे अशी गाडी कोपऱ्यावरच्या बेकरीपर्यंत गेली. मालकीणबाईंनी शेवटचा अभ्रा सोडला नाही म्हणून त्याही दोन पावलं गेल्या आणि मग कपड्यांच्या टबात बसल्या.

मास्तर परत आले तेव्हा त्या टबातच होत्या. उठायची त्यांना घाई दिसत नव्हती.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "एक तारखेपर्यंत."

"काय एक तारखेपर्यंत?"

"पुढच्या महिन्याच्या एक तारखेला मी स्वतः परीक्षा घेणार. हे धूड माझ्या दारावरून सरळ चालत गेलं, तर राहील. नाहीतर ते जाईल. तुम्हाला दोघांना मी काढत नाही हो, तुम्ही बरे आहात."

"नापास झालं तर थोडी सवलत..."

"मला दिली होती का कुणी?" मालकीणबाई म्हणाल्या.

दहा वर्षांपूर्वी मालकीणबाई मास्तरांकडे गाडी शिकल्या होत्या. तीनदा परीक्षेला बसल्या, तीनदा नापास झाल्या आणि मग त्यांनी गाडीचा नाद सोडून कुंड्यांचा धरला.

बारक्या जाणार म्हणजे कुठे जाणार, हेही ठरल्यासारखंच होतं. मेहुण्याची गावाबाहेर लाकडाची वखार होती आणि त्याला राखणीला कुत्रं हवंच होतं. दिवसभर साखळीला, रात्री मोकळं. "खाऊन-पिऊन सुखात राहील की!" मेहुणा फोनवर म्हणाला. बायको खाली बसली आणि बारक्याचे कान पुसू लागली. ते स्वच्छच होते. बारक्यानं हनुवटी मास्तरांच्या उजव्या पायावर ठेवली आणि डोळे मिटले. मास्तर पाऊण तास हलले नाहीत. पायाला मुंग्या आल्या, पण हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

उठले ते कल्पना घेऊनच.

"चुकलं कुठे ते कळलं," ते म्हणाले. "एकाच दोरीवर भरवसा ठेवला. शिकाऊ गाडीला डबल कंट्रोल लागतं. आपण दोन दोऱ्या लावू. उजवीकडे तू, डावीकडे मी. तू स्टीअरिंग, मी ब्रेक."

"आणि इंजिन?"

"इंजिन तो."

"मग कठीण आहे," बायको म्हणाली. पण तिनं दोरी हातात घेतली.

डबल कंट्रोलचा पहिला दिवस गल्लीतल्या लोकांनी पुष्कळ दिवस आठवला. पन्नास पावलं काम झकास झालं. मग समोरून वाऱ्यावर एक कागदी पिशवी गडगडत आली. मास्तरांनी ती पाहिली, पाय दाबला, दोरीला हिसका दिला, आणि बारक्या पिशवीमागे सुटला. वाटेत दिव्याचा खांब होता. बायको खांबाच्या एका बाजूनं गेली, मास्तर दुसऱ्या. पिशवी खांबाभोवती तीनदा फिरली. बारक्याही फिरला.

शेवटी सगळं शांत झालं तेव्हा नवरा-बायको खांबाला बांधलेले होते, तोंडाला तोंड लावून. इतक्या जवळ उभं राहण्याचा प्रसंग बऱ्याच वर्षांनी आला होता.

"तुमचा चष्मा पुसायला झालाय," बायको म्हणाली.

"हात निघाला की पुसतो."

खिडकीतून मालकीणबाईंचा आवाज आला. "सोडवायला येऊ का?"

"नको, नको!" मास्तर ओरडले. "धडा चालू आहे!"

पण मास्तर हार मानणारे नव्हते. रोज संध्याकाळी डबल कंट्रोल सुरू राहिलं. प्रत्येक विद्यार्थ्याचं एक पान त्यांच्या रजिस्टरात असे, तसं बारक्याचंही होतं. त्यावर ते बारीक अक्षरात लिहीत. आणि दुसऱ्या आठवड्यात खरोखरच प्रगती दिसू लागली. पण एकाच बाजूची. बायकोकडची दोरी सैल लोंबायची आणि मास्तरांकडची तारेसारखी ताणलेली असायची. 'वाहन डावीकडे ओढते,' मास्तरांनी नोंद केली. 'अलाइनमेंट बघणे.' दुसऱ्या दिवशी त्यांनी बाजू बदलली. बारक्या उजवीकडे ओढू लागला. 'दोष फिरता आहे,' त्यांनी लिहिलं.

एक तारीख दहा दिवसांवर आली असताना दातांच्या एका डॉक्टरांनी सकाळचा धडा ऐनवेळी रद्द केला (आदल्या दिवशी ते पहिल्यांदाच चढावावर गाडी थांबवायला शिकले होते आणि आता त्यांना कंबर धरून बसावं लागत होतं). मास्तर अकरा वाजता घराकडे वळले. गल्लीच्या तोंडाशी ते थबकले.

समोरून बायको येत होती. एका हातात विणकाम, मनगटात दोरी. दोरी वाटीच्या तळासारखी खाली लोंबत होती. तिच्या गुडघ्याशी गुडघा लावून बारक्या चालत होता. लग्नघरात पाहुणा चालतो तसा, इकडेतिकडे बघत, पण पाऊल जपून. भिंतीवर मांजर बसलं होतं. बारक्यानं मांजराकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, बायकोनं खिशातून बिस्किटाचा एक कण काढून त्याला दिला आणि दोघं पुढे चालू लागले. सुईसुद्धा थांबली नाही.

मास्तरांच्या पोटात आनंद आणि मत्सर एकदमच शिरले आणि दारात दोघांची चेंगराचेंगरी झाली.

"हे कधीपासून?"

"तुम्ही मला खांबाला बांधलंत त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

"मला सांगितलं नाहीस!"

"तुम्ही रजिस्टरात इतकं छान लिहीत होतात. म्हटलं, कशाला मोडता घाला."

"पण पद्धत काय?"

"पद्धत कसली? तो ओढतो, मी थांबते. दोरी सैल सोडली की चालते. बाजूला येऊन चालला की बिस्कीट. पहिल्या दिवशी फाटकापर्यंत जायला पाऊण तास लागला. उभ्या उभ्या एक मोजा झाला विणून."

"एवढंच?"

"एवढंच. आता दुसरा मोजा चाललाय, आणि तो बेकरीपर्यंत येतो."

मास्तरांनी लगेच दोरी हातात घेतली. तीच गल्ली, तोच बारक्या, बिस्किटाचा कणही तोच. तीन पावलं सुरेख गेली. चौथ्या पावलाला एक सायकल आडवी आली. मास्तरांचा उजवा पाय रस्त्यावर थाडकन आपटला, हात मागे गेला, आणि बारक्या असा सुटला की मास्तरांना बेकरीच्या पायरीवर बसूनच भान आलं.

बायको सावकाश चालत आली. तिनं मास्तरांना उठवलं नाही. ती त्यांच्या पायाकडे बघत होती.

"अहो, जरा पाय आपटा बघू."

"आता?"

"आपटा हो."

मास्तरांनी बसल्या जागी पाय आपटला. बारक्या ताडकन उभा राहिला. कान वर, शेपूट ताठ, अंगभर धावायची तयारी.

"पुन्हा."

थाड. बारक्यानं पुढचे दोन्ही पाय उचलले.

"बघा," बायको म्हणाली. "तुम्ही पाय आपटता, मग हिसका देता आणि मग सगळे मिळून धावता. रोज असंच होतं. त्याला वाटतं, हीच निघायची खूण. तुमचा ब्रेक म्हणजे त्याचा स्टार्टर आहे."

बावीस वर्षं ज्या पायानं गावाची हाडं वाचवली, त्याच पायानं घरातल्या कुत्र्याला वखारीच्या दारापर्यंत आणून सोडलं होतं. मास्तर पायरीवरूनच म्हणाले, "शिकवशील?"

"कुणाला?"

"मला गं."

बायकोनं लोकरीचा गुंडा पिशवीत टाकला. "पण मधे मधे बोलायचं नाही," ती म्हणाली. "आणि थिअरी नाही."

पुढचे दहा दिवस मास्तर शिकाऊ होते. बारक्याचा वर्ग सकाळी, मास्तरांचा रात्री जेवणाआधी. बायकोनं दोरीचं एक टोक स्वतःच्या मनगटाला बांधलं, दुसरं त्यांच्या हातात दिलं, आणि ती जेवणाच्या टेबलाभोवती चालू लागली. मधेच ती झटका देई, मधेच ताट पाडी, मधेच "मांजर!" म्हणून ओरडे. मास्तरांनी पाय आपटला की पुन्हा पहिल्यापासून. अगदी पहिल्या रात्री एकही फेरी पुरी झाली नाही. तिसऱ्या रात्री दार उघडंच राहिलं होतं आणि मालकीणबाई पाण्याच्या टाकीचं विचारायला वर आल्या. टेबलाभोवती वहिनी दोरीला बांधलेल्या, मागे मास्तर घामाघूम, आणि कोपऱ्यात बसून बारक्या दोघांकडे बघतोय.

मालकीणबाई क्षणभर उभ्या राहिल्या. "टाकीचं उद्या विचारते," म्हणाल्या आणि दार लोटून घेऊन गेल्या.

सहाव्या रात्री बायकोनं मास्तरांच्या पायात तिची पातळ सपात घातली. ती दोन मापं लहान होती. पाय आपटला की अंगठा कळवळायचा. त्या रात्री मास्तरांनी सहा फेऱ्या सलग काढल्या. "वा!" बायको म्हणाली आणि सवयीनं बिस्किटाचा कण पुढे केला. मास्तरांनी तो खाल्ला. (कुठल्याही शिकवणीत एवढी साधी गोष्ट आपण बावीस वर्षं कशी विसरलो, असं त्यांना वाटलं.)

एक तारखेला सकाळी मालकीणबाई दारात खुर्ची टाकून बसल्या. मांडीवर वही, कानावर पेन्सिल. अंगणात त्यांनी आपल्या कुंड्या दोन गोलांत मांडल्या होत्या.

बायको बारक्याला घेऊन पुढे झाली.

"वहिनी, तुम्ही नाही," मालकीणबाई म्हणाल्या. "तुमच्याबरोबर तो साधूसारखा चालतो, मी रोज खिडकीतून बघते. मला त्याची भीती नाही. मला यांची भीती आहे."

दोरी मास्तरांच्या हातात आली. बायको वर जाऊन खिडकीत उभी राहिली.

"आधी आठचा आकडा," मालकीणबाई म्हणाल्या.

"कुत्र्याला?"

"मला काढायला लावला होतात ना? मग त्याला काय झालं?"

मास्तर निघाले. पहिल्या गोलात बारक्यानं ओढलं, मास्तर थांबले. बारक्यानं मागे वळून पाहिलं. दोरी सैल झाली. मास्तर चालू लागले. दुसऱ्या गोलात त्यानं ओढलंच नाही. एकाही कुंडीचं पान हललं नाही. पेन्सिल वहीवर फिरली.

मग बेकरी. जाताना मांजर भिंतीवरच होतं. बिस्किटाचा कण गेला, मांजर मागे पडलं. बेकरीवाला काचेमागून बघत होता, त्यानं पायरीवरच्या टोपल्या आधीच आत घेतल्या होत्या. त्या पुन्हा बाहेर आल्या.

परतताना, अगदी मालकीणबाईंच्या दारापुढेच, मागून येणाऱ्या एका ट्रकनं कर्कश हॉर्न दिला.

मास्तरांचा उजवा पाय उठला. बावीस वर्षांची सवय होती ती, हुकूम न घेताच उठली. खिडकीत बायकोनं डोळे मिटून घेतले. बारक्याचे कान ताठ झाले. तो त्या पायाकडे बघत होता. सगळं त्या पायावर होतं. वखार, साखळी, सगळं.

पाय हवेतच राहिला. मास्तर एका पायावर बगळ्यासारखे उभे. ट्रक गेला. धूळ गेली. एका पायावरच्या मास्तरांकडे पाहून बारक्याला काय वाटलं कोण जाणे, त्यानं मोठ्ठी जांभई दिली आणि तो त्यांच्याशेजारी खाली बसला.

मग मास्तरांनी पाय अगदी हळू, अंडं ठेवावं तसा, जमिनीवर ठेवला.

"पास," मालकीणबाई म्हणाल्या.

वरून बायकोचा जो आवाज आला तो रडण्याचा होता की हसण्याचा, ते गल्लीत कुणाला कळलं नाही. बेकरीवाल्यानं टाळ्या वाजवल्या. मालकीणबाईंनी वही मिटली आणि मास्तरांना जवळ बोलावलं.

"एक विचारू? माझ्या तिसऱ्या परीक्षेला मागे परीक्षक होते आणि शेजारी तुम्ही होतात. गाडी चढावावर बंद पडली. ती मी पाडली की तुम्ही?"

मास्तरांनी आपल्या उजव्या पायाकडे पाहिलं. आता त्याची बाजू घेण्यात अर्थ नव्हता.

"सोमवारपासून या," ते म्हणाले. "फी घेणार नाही."

"येईन," मालकीणबाई म्हणाल्या. "पण शेजारी वहिनी बसणार असतील तर."

त्या दिवशी दुपारी मास्तरांनी इस्त्रीचा शर्ट घातला. ऊन होतं म्हणून काळा चष्मा लावला. आणि ते एकटेच, बारक्याला घेऊन, मोठ्या रस्त्याला फिरायला निघाले. कामासाठी नव्हे. लोकांनी बघावं म्हणून.

आणि लोक बघत होते! मास्तर मान ताठ ठेवून, नजर समोर लावून, संथ चालले होते. खाली बघण्याची त्यांना गरजच नव्हती. गुडघ्याला बारक्याचा खांदा लागत होता, दोरी लोंबत होती. दुकानांच्या दारांतली माणसं बाजूला होऊन वाट देत होती. एका बाईनं मुलीला हळूच काहीतरी सांगितलं आणि मुलीनं मास्तरांकडे मोठ्या डोळ्यांनी पाहिलं. एवढा मान मास्तरांना आयुष्यात मिळाला नव्हता.

चौकात पट्ट्यांपाशी बारक्या आपणहून खाली बसला. मास्तरही थांबले. त्यांना पलीकडे जायचंच नव्हतं. थोडा वेळ उभं राहून परत फिरायचा बेत होता. तेवढ्यात त्यांच्या दंडाला कुणीतरी अलगद हात लावला. दवाखान्याच्या पांढऱ्या कपड्यांतली एक नर्स होती.

"चला काका," ती मायेनं म्हणाली. "मी आहे. सावकाश हं. इथे एक पायरी आहे."

मास्तरांना काही सुचायच्या आत तिनं दुसरा हात वर करून दोन्ही बाजूंची वाहतूक थांबवली. बस थांबली. गाड्या थांबल्या. एकानंही हॉर्न दिला नाही. एवढ्या लोकांसमोर आता चष्मा काढणं मास्तरांच्या जिवावर आलं. ते निमूटपणे, नको असलेल्या बाजूला, रस्ता ओलांडू लागले.

"तुम्हाला किती जपतो हो हा!" पलीकडे पोहोचल्यावर नर्स बारक्याच्या डोक्यावर हात फिरवत म्हणाली. "एवढं दांडगं जनावर आणि किती शहाणं! कुणी शिकवला?"

ज्या प्रश्नाची मास्तर पाच आठवडे वाट बघत होते, तो हाच. उत्तर ओठांवर आलं होतं. पण ज्या माणसाला रस्ता दिसत नाही, त्यानं कुत्र्याला रस्त्यावर चालायला शिकवलं, हे कोण खरं मानणार?

"बायकोनं," मास्तर म्हणाले.

"तरीच," नर्स म्हणाली.